प्रधानचा नैवेद्य

हेब्बाळचा तलाव ओलांडला की त्या काळी शहर संपल्यासारखंच वाटायचं. रागीची शेतं, मधूनच एखादी वीटभट्टी, आणि नीलगिरीच्या रांगेमागे पत्र्याच्या छपरांचा ‘आसरा’. माणसांनी मारलेली, भाजलेली, राबवून राबवून टाकून दिलेली जनावरं तिथं ठेवत. जटक्याला जुंपून गुडघे फुटलेला घोडा होता, पाठीची सालटी निघालेली गाढवं होती, शिंग मोडलेली गाय होती. आणि कुत्री तर विचारूच नका. ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला शहरातल्या मेजेस्टिक स्टँडच्या बसमधून अंबूबाई उतरायच्या, पदर खोचायच्या, मोठ्या पातेल्यात रागी शिजवून तिचे गोळे वळायच्या, आणि ते निवले की डाव्या हातात पितळी ताट धरून त्यावर पळीनं ठोके द्यायच्या.

“येळकोट येळकोट! या रे माझ्या वाघ्यांनो, या की!”

मग छपराखालून, गवतातून, कुंपणाच्या कडेनं कुत्री निघत. कुणी तीन पायांवर, कुणी एका डोळ्यानं अंदाज घेत. दुसऱ्या कुणी कितीही हाका मारल्या तरी ती ढिम्म हलत नसत. अंबूबाईंच्या ताटाला मात्र सगळी यायची.

ते ताट साधं नव्हतं. ते तळीचं होतं. अंबूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही शहरातल्या जुन्या पेठेतलं, कॉटनपेटेतलं. तीनशे वर्षांमागं फौजेबरोबर आलेली आणि इथंच रुजलेली घराणी. बोलण्यात निम्मी कन्नड मिसळली होती, पण देव्हाऱ्यातला खंडोबा हलला नव्हता. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला त्यांच्याकडे भंडारा, खोबरं, विड्याची पानं घातलेलं हे ताट पाच पुरुष मिळून उचलत, देवाच्या नावानं गर्जना करत. त्याआधी नैवेद्य कुत्र्याला, कारण कुत्रं हे देवाच्या मागं धावणारं. आधी कुत्रं, मग तळी, मग माणसं, अशी रीत.

नवरा खंडोजी बस डेपोत फिटर होता. तो गेला तशी घरात पुरुषमाणूस उरलं नाही. मूल नव्हतं. भाऊबंद आपापल्या वाटेनं गेले. तळी उचलायला पाचांची मांड जमेना, आणि ते ताट फडक्यात गुंडाळून फळीवर पडलं. सणाच्या दिवशी अंबूबाई ते खाली काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या.

असं चाललेलं असताना एकदा पेटेतल्या एका खानावळीतल्या माणसानं दारातल्या कुत्रीवर उकळतं पाणी ओतलं. अंबूबाईंनी त्याला चारचौघांत असं झापलं की तो पातेलं टाकून आत पळाला. मग कुत्रीला जुन्या लुगड्यात घेऊन बसथांब्यावर गेल्या. कंडक्टर चढू देईना. रिक्षावाला थांबेना. शेवटी एक पांढऱ्या धोतरातले गृहस्थ गाडी थांबवून म्हणाले, “अक्का, बसा. माझी एक जागा आहे हेब्बाळला.”

ते त्रिविक्रमराव. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, निवृत्त झालेले, घर जे. पी. नगरला. वडिलांची हेब्बाळची मोकळी जमीन होती, तिच्यावर त्यांनी ‘आसरा’ उभा केला होता. वाटेत त्यांनी विचारलं, “तुमचं कुलदैवत कोणतं?”

“आमचा मैलारलिंग. खंडोबा.”

“अहो, मग आपण एका देवाची माणसं!”

अंबूबाईंना तेवढं पुरलं. आणि जेव्हा पुढच्या चंपाषष्ठीला त्रिविक्रमराव म्हणाले, “तळी पडून का राहावी अक्का? मी आहे की. भाऊ समजा,” आणि ओळखीचे चौघं घेऊन स्वतः पाचवे होऊन आसऱ्यातल्या पिंपळाखाली ताटाला हात लावून उभे राहिले, तेव्हा अंबूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. सख्ख्या भावानं केलं नाही ते या माणसानं केलं, असं त्या पेटेत घरोघर सांगत सुटल्या.

तेव्हापासून ताट आसऱ्यातच राहायला आलं.

प्रधान नावाचा कुत्रा आला तो पीण्याहून, शहराच्या कारखान्यांच्या वस्तीतून. तिथल्या एका कारखान्याच्या मागच्या अंगणात त्याला राखणीला बांधलं होतं. साखळीनं नाही, तारेनं. तार मानेत रुतून मांसात गेली होती, एक कान जळून वळला होता, आणि लोखंडी गज दिसला की तो जमिनीला पोट लावून मुतायचा. टेंपोवाल्या मल्लाप्पानं पोत्यात घालून आणला, आणि तोवर मल्लाप्पाच्या मनगटाला चार दात लागले होते.

“अक्का, हा माणसात यायचा नाही,” मल्लाप्पा हात धूत म्हणाला.

“तू तरी कुठं पुरता आलायस?” अंबूबाई म्हणाल्या.

प्रधान ताटाला येत नसे. सगळ्यांचं झालं, माणसं दूर गेली, की मगच यायचा. अंबूबाईंनी त्याच्यासाठी वेगळीच तऱ्हा काढली. त्याचा गोळा जमिनीवर ठेवायचा, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसायचं. जपाची माळ घेऊन. मागं वळून बघायचं नाही, बोलायचं नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. एके दुपारी माळ ओढता ओढता कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक होतं ते. अंबूबाई माळ ओढतच राहिल्या. त्या दिवशी माळेचे मणी किती ओढले त्याचा हिशेब देवानंच ठेवला असेल.

नंतर तो सगळ्यांच्या पुढं धावायला लागला. खंडोबाच्या दरबारात हेगडी प्रधान, म्हणून याचं नाव प्रधान. मल्लाप्पा चेष्टा करायचा, “दिल्लीचे प्रधान वर्षाला बदलतात, आमचा काय खुर्ची सोडत नाही.” आणि अंबूबाई रोज त्याच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावायच्या. पिवळं कपाळ, वळलेला कान, मानेभोवती तारेचं बिनकेसाचं कडं. लांबूनही ओळखू यायचा.

त्याच सुमाराला मुग्धा यायला लागली. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, सुट्टीच्या दिवशी कायनेटिकवरून हेब्बाळला. “मावशी, मला काहीपण काम द्या, फक्त स्वयंपाक सोडून!” असं म्हणायची आणि जखमा धुवायला बसायची. अंबूबाईंचं मराठी ऐकून तिला हसू यायचं, आणि तिचं ऐकून अंबूबाईंना.

चंपाषष्ठी आली. महिनोन् महिने वर्ज्य असलेलं वांगं भाजलं गेलं, रोडगे केले. गव्हाबरोबर थोडी रागी, कारण इथं तशीच सवय पडलेली. पिंपळाखाली ताट मांडलं. त्रिविक्रमराव सोवळं नेसून आले, पण आज जरा लवकर.

“अक्का, एक काम आहे,” ते म्हणाले. “कुत्र्यांना पिसाळू नये म्हणून टोचून आणायचंय. डॉक्टर इथं यायला तयार नाहीत, त्यांच्याकडे न्यावं लागणार. मल्लाप्पाचा टेंपो सांगितलाय. पण चढणार कशी? तुमच्या ताटाशिवाय ही पाय उचलत नाहीत.”

“आज? सणाच्या दिवशी?”

“आजच वेळ मिळाली. नैवेद्य टेंपोतच दाखवा. दिवेलागणीपर्यंत सगळी परत.”

“प्रधानला राहू दे की अण्णा. त्याला गाडीचं भय आहे.”

“चावरा तोच होता. त्यालाच आधी टोचायला हवं.”

मुग्धा बाजूला उभी होती. ती म्हणाली, “काका, कोणते डॉक्टर? मी येते ना बरोबर. आज रजाच टाकलीय.”

“टेंपोत जागा कुठाय?”

“मी गाडीवरून मागं येते. पत्ता सांगा फक्त.”

त्रिविक्रमराव हसले. ताटातला बेल आणि भंडारा त्यांनी आपण होऊन उजव्या मुठीत उचलला. “घ्या. देवासमोर सांगतो. संध्याकाळी सगळी इथं असतील. आता झालं?”

अंबूबाई मुग्धावर कधी नव्हे त्या चिडल्या. “भंडारा उचललेल्या माणसाला असं उलटून विचारतात होय ग? तुमच्या पुण्यात विचारत असतील. आमच्याकडे भंडाऱ्यावर हात गेला की बोलणं संपलं.”

मुग्धा ओशाळली. “सॉरी मावशी,” म्हणून बाजूला झाली.

आणि अंबूबाई स्वतः टेंपोत चढल्या. रोडगे आणि भरीत पानावर मांडून ताट वाजवायला लागल्या. येळकोट येळकोट. कुत्री आली. ज्यांना उडी जमेना त्यांना मल्लाप्पानं उचललं. आज तो एक अक्षर बोलत नव्हता. प्रधान फळीपाशी येऊन थांबला. त्यानं टेंपोचा वास घेतला, मागं सरला, पुन्हा पुढं आला.

“ये रे प्रधान. मी आहे ना. ये, राजा.”

त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उडी मारली. अंबूबाईंनी पहिला रोडगा त्याला हातानं भरवला, कपाळाला भंडारा लावला. मग त्रिविक्रमरावांनी हात देऊन त्यांना खाली उतरवलं आणि मल्लाप्पानं मागची फळी बंद केली. त्यानंतर पाच पुरुषांनी तळी उचलली. त्रिविक्रमरावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दिवे लागले. टेंपो आला नाही. “गर्दी असेल डॉक्टरकडे,” अंबूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “टायर बसला असेल.” मुग्धानं मग त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि कॉटनपेटेला सोडलं.

दुसऱ्या सकाळी दोघी गेल्या तेव्हा फाटकाला नवं कुलूप होतं. आत जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या आणि माणसं छपराचे पत्रे उतरवत होती. घोडा, गाढवं, गाय यांना पहाटेच कुठल्याशा पांजरपोळाची गाडी येऊन घेऊन गेली होती. चुलीचे दगड कुणीतरी पायानं बाजूला सारले होते. ताट कुंपणाबाहेर, फाटकाला टेकवून ठेवलेलं. पुसून.

समोरच्या चहाच्या टपरीवर मल्लाप्पा बसला होता. अंबूबाईंना पाहून तो उठला, पण वर बघेना.

“कुठं नेलीस?”

“अक्का, मी हुकमाचा माणूस.”

“कुठं, मल्लाप्पा?”

“पीण्याला. कारखान्यांच्या मागं, मोकळ्या माळावर.”

“प्रधानला? पीण्याला?”

मल्लाप्पानं चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. “फळी उघडल्यावर सगळ्यांनी उड्या टाकल्या. तो एकटा उतरेना. कोपऱ्यात तुमच्या पानाशी बसून राहिला. ओढून काढावा लागला, अक्का. चावलासुद्धा नाही.”

जे. पी. नगरच्या घरात त्रिविक्रमराव पूजा आटोपून नुकतेच बाहेर आले होते. कपाळावर भंडारा होता. “या अक्का, बसा. कॉफी टाकायला सांगतो.”

“तुम्ही भंडारा उचललात,” अंबूबाई उभ्यानंच म्हणाल्या.

“बसा तर. ऐकून घ्या. वडिलांची जागा, भाऊबंद किती वर्षं मागं लागलेत. इमारत व्हायचीय तिथं. गायीघोड्याला कुणीही घेतं. या लंगड्यापांगळ्या कुत्र्यांना कोण घेणार, तुम्हीच सांगा. मारली तर नाहीत ना मी? मोकळी सोडली.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर ताट वाजवलं असतंत?”

अंबूबाईंनी त्यांच्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे पाहिलं.

“देवाचं मी बघून घेतो,” त्रिविक्रमराव समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, लाजही नव्हती. “अमावास्येला मैलारला जातोय. अभिषेक करून येईन. आणि अक्का, वाईट वाटून घेऊ नका, पण टेंपोत मी नाही चढवलं त्यांना. ती तुमच्या हाकेवर चढली.”

आतून कॉफी आली. पितळेच्या वाटीत पेला उपडा घालून, व्यवस्थित. अंबूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. चोरानं घर फोडलं असतं तर बोंब मारता आली असती. इथं दार त्यांनीच उघडून दिलं होतं. देवाची किल्ली लावून. त्या वळल्या आणि जिना उतरल्या. रस्त्यावर मुग्धा गाडी धरून उभी होती. “काय म्हणाले?” तिनं विचारलं. अंबूबाई म्हणाल्या, “खरं तेच म्हणाला.” आणि मागं बसून गाडी पीण्याला घ्यायला सांगितलं.

पीण्यात तेलानं काळा पडलेला ओढा, लोखंडाच्या किसाचे ढीग, यंत्रांचा सारखा ठणठणाट. त्या ठणठणाटात अंबूबाईंनी ताट वाजवलं. घसा ताणून येळकोट केला. पहारेकरी हसायला लागले. पण थोड्याच वेळात झुडपातून एक तीन पायांची आली, मग एका डोळ्याची, मग आणखी दोघं-तिघं. मुग्धा रडत हसत एकेकीला कवटाळत होती.

“प्रधान! मावशी, तो बघा, प्रधान!”

पत्र्याच्या भंगारापाशी तो उभा होता. कपाळावरचा कालचा भंडारा अजून होता. अंबूबाईंनी जोरात ठोका दिला. प्रधान एक पाऊल मागं सरला. त्यांनी आणखी एक दिला. तो आणखी मागं गेला. त्यांना वाटलं ऐकू येत नाही, म्हणून त्या वाजवतच पुढं निघाल्या. मुग्धानं त्यांचा हात धरला.

“मावशी, थांबा. वाजवू नका. तो ताटालाच भितोय.”

प्रधाननं पोट जमिनीला लावलं. गज बघून लावायचा तसंच. मग वळला आणि एका कारखान्याच्या फाटकाखालून आत गेला.

परत जाताना अंबूबाईंनी ताट मांडीवर उपडं धरलं होतं.

जी मिळाली ती कुत्री कॉटनपेटेतल्या परसात आली. शेजाऱ्यांनी चार दिवस कटकट केली, मग एकानं एक नेलं, दुसऱ्यानं दुसरं. मुग्धानंही एक नेलं; तिच्या घरमालकानं मात्र “नायी बेडा, कुत्रं नको” असा धोशा लावला, तर तिनं घरच बदललं. काही कुत्री सापडलीच नाहीत. अंबूबाई त्यांची नावं संध्याकाळच्या रामरक्षेनंतर घ्यायच्या.

आणि दर रविवारी बस बदलत बदलत पीण्याला जायच्या. ताट न घेता. रागीचा गोळा भंगाराच्या ढिगापाशी ठेवायच्या आणि पाठ करून मोरीच्या कठड्यावर बसायच्या. पूर्वी जमलं होतं. पावसाळा गेला. कोपराला काही लागलं नाही. सुरुवातीला पहारेकरी टर उडवायचे, पुढं पाणी द्यायला लागले. त्यांच्याकडूनच कळलं, की कुत्रं आता कुणी बांधून ठेवलेलं नाही, दिवसभर ढिगाआड असतं, आणि बाई बसलेल्या असेपर्यंत बाहेर येत नाही. “अक्का, तुम्ही बसू नका,” एक म्हणाला, “ते उपाशी राहतं.” पण उठून जायला अंबूबाईंचं मन होत नसे. वाटायचं, आज येईल.

पुन्हा चंपाषष्ठी आली. वांगं भाजलं, रोडगे केले. ताट फळीवरच होतं. ऐन वेळेला दारात त्रिविक्रमराव उभे राहिले, हातात नारळ, मागं तेच चौघं. मैलारचा अभिषेक झाला होता; प्रसादाची पुडीही आणली होती.

“अक्का, तळीची वेळ झाली. झालं गेलं देवाला अर्पण करू.”

“कुत्रं अजून जेवलं नाही,” अंबूबाई म्हणाल्या.

“गल्लीत पन्नास पडलीत. कुठल्याही कुत्र्याला चालतं.”

“मला नाही चालत.”

“अहो, मी नसलो तर हे चौघंच राहतात. चौघांनी तळी उचलत नाहीत, तुम्हाला रीत माहीत आहे.”

“माहीत आहे की. म्हणून तर तळी राहू दे.”

त्रिविक्रमराव म्हणाले, “देवाला उपाशी ठेवता?”

“देवाचं मी बघून घेते, अण्णा.”

नारळ त्यांनी उंबऱ्यावर ठेवला होता. अंबूबाईंनी तो उचलून त्यांच्या हातात परत दिला. आपटला नाही, फेकला नाही. मागच्या चौघांपैकी एकानं मान खाली घातली. मंडळी गल्लीतून निघून गेली, आणि शेजारच्या खिडक्या हळूच लागल्या.

अंबूबाईंनी रोडगे आणि भरीत केळीच्या पानात बांधलं. देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा पदराच्या टोकाला गाठ मारून घेतला. तोंडात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं.

पीण्यात सणाची सुट्टी नव्हती. यंत्रं चालूच होती. त्यांनी पान भंगारापाशी सोडून पसरलं. सवयीनं कठड्याकडे वळल्या. माळ हातात घेतली. आणि थांबल्या. पहारेकऱ्याचं बोलणं आठवलं. आपण बसतो ते त्याच्यासाठी की आपल्यासाठी, हे त्यांना आज प्रथमच टोचलं.

त्या बसल्या नाहीत. ओढ्याच्या कडेनं चालत गेल्या, कारखान्याच्या भिंतीचं वळण आलं ते ओलांडलं, आणि तिथं पलीकडे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आता तो त्यांना दिसत नव्हता आणि त्याला त्या दिसत नव्हत्या.

बराच वेळ काही नाही. मग दोन यंत्रांच्या मधल्या शांततेत खडीवरून पान ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. घाईघाईनं चाटल्याचा, दातानं रोडगा फोडल्याचा. भिंतीच्या कोपऱ्यातून नुसतं डोकं पुढं केलं असतं तरी पिवळं नसलेलं कपाळ दिसलं असतं.

अंबूबाईंनी डोकं पुढं केलं नाही. पानाचा आवाज पुरता थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग बसच्या थांब्याकडे निघाल्या. पदराची गाठ बोटांना लागत होती. ती त्यांनी सोडली नाही. भंडारा तसाच राहिला. घरी जाऊन त्या जेवल्या.